सुधाकरच्या चिठ्ठीवरचं तुमचं बोट

पार्बताबाई, तुम्ही गेलात हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. सुटले, असं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम तुम्ही स्वतः कधी पाळला नाही. तुमच्या नवऱ्याबद्दल बोलताना मी एकदा तुम्हाला अडवलं, तर तुम्ही म्हणालात, "मेला म्हणून का चांगला झाला वं तो?" तेव्हा मी तुमच्याच नियमाने बोलते.

येत्या रविवारी विहारात तुमचं पुण्यानुमोदन आहे. समितीच्या लोकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. बाईंनी आमच्या वस्तीत सिकलचं एवढं काम केलं आणि पार्बताबाई त्यांचा उजवा हात होत्या, तेव्हा बाईच बोलतील, असं परस्पर ठरलं म्हणे. आपल्या दोघींनी काय केलं हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेते.

मी तुमच्या वस्तीत पहिल्यांदा आले तेव्हा आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. सरकारी जीप दिसली की बापे मागच्या भिंतीवरून उड्या टाकायचे, कारण आदल्या साली जीपमधून नेलेली माणसं नसबंदी होऊन परतली होती. आणि आम्ही नेमकी जीपच घेऊन आलो. आमचं काम निराळं होतं. आपल्या नागपूरकडच्या पुष्कळ घरांत सिकल नावाचा रक्ताचा एक दोष आईबापांकडून लेकरांत उतरतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हातपाय सुजतात, हाडं ठणकतात, लेकरं दगावतात. तो कोणाकोणाच्या अंगात आहे हे बघायला प्रत्येकाच्या बोटातून चार थेंब रक्त हवं होतं. लोकांनी आपखुशीने बोट पुढे करावं, यासाठी मला समाजसेविका म्हणून नेमलं होतं. आमचे मोठे साहेब म्हणाले होते, वस्तीचा सहभाग पाहिजे. जबरदस्ती नको, पण नकारही नको. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. त्यातली मेख मला दिसली नाही. मी सव्वीस वर्षांची होते आणि सहभाग या शब्दाचा मला फार अभिमान होता.

जो तो म्हणाला, पार्बताबाईंना विचारा. तुम्ही अंगणात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होतात. मी तोंड उघडलं तर तुम्ही सूप माझ्याकडे सरकवलं आणि आधी दहा विड्या वळ, मग बोल, म्हणालात. मी तासभर घाम गाळून दहा वळल्या. तुम्ही एकेक उचलून पाहिली आणि दहाच्या दहा छाट म्हणून बाजूला टाकल्या. मग विचारलंत, सुई किती खोल जाते. आमचा लॅबवाला उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टोचतो हे ऐकल्यावर तुम्ही कपाळाला हात लावलात. त्या बोटांवर आमचं पोट आहे, टोचायचीच तर डाव्या हाताची करंगळी टोचा, म्हणालात. एवढ्या शिकलेल्या माणसांत हे कोणालाच सुचलं नव्हतं. त्या एका करंगळीवर अर्धी वस्ती तयार झाली. तुमच्यामुळे मी माझं काम शिकले, हे आज राग असतानाही खरं आहे.

विहारातली ती सभाही मी कधी विसरले नाही. साहेब अर्धा तास विज्ञान सांगत होते आणि बायका जांभया देत होत्या. तुम्ही उठलात आणि शांतपणे म्हणालात, "साहेब, पयले तुमचं बोट." साहेबांचा चेहरा उतरला. पण एवढ्या लोकांत करतात काय, डोळे गच्च मिटून त्यांनी करंगळी पुढे केली. बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्यानंतर तुम्ही भर सभेत शब्द दिलात की तुमच्या गल्लीतलं एकही बोट कमी पडणार नाही. छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई आहे मी, शब्द म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको, असंही म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग आठवडाभर मी तुमच्या अंगणात शिकवत होते. विडीला बांधायचा दोरा घेतला, त्यातला थोडा लाल रंगात बुडवला. लेकराला आईकडून एक दोरा येतो, बापाकडून एक. एकच लाल आला तर माणूस धडधाकट राहतो, फक्त तो लाल पुढच्या पिढीला देऊ शकतो. दोन्ही लाल आले तर लेकरू आजारी. आणि दोन लाल एकाकडून येत नाहीत, एक आईचा लागतो आणि एक बापाचा लागतो. बायकांना हे इतकं पाठ झालं की नळावर त्या एकमेकींच्या सासरचे दोरे काढायला लागल्या. मी साहेबांना हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी ते अहवालात घातलं.

टोचणीच्या शेवटच्या दिवशी साहेबांना यादी पुरी हवी होती, कारण दुसऱ्या दिवशी दिल्लीचे पाहुणे येणार होते. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी मी केली होती. माणसाने चिठ्ठी द्यायची, बोट द्यायचं आणि चिठ्ठीवरचा नंबर रक्ताच्या नळीवर जायचा. दुपारी तुमच्या गल्लीतली एकच चिठ्ठी उरली, तुमच्याच थोरल्या लेकाची. सुधाकर मिलमध्ये पाळीवर गेला होता. दुसऱ्या कोणाची चिठ्ठी असती तर तुम्ही त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. घरचाच गडी कमी पडला म्हणून तुमचं तोंड एवढंसं झालं. साहेब दोनदा येऊन विचारून गेले. तेव्हा तुम्ही सूप खाली ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि खुर्चीवर येऊन बसलात. डाव्या करंगळीवर सकाळचा ठिपका होता, म्हणून उजवी पुढे केलीत.

"लिही, सुधाकर," तुम्ही म्हणालात. "मायचं रक्त तेच लेकाचं रक्त. नऊ महिने माह्याच रक्तावर वाढला न तो?"

लॅबवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी नंबर लिहिला.

तुमच्या दृष्टीने त्यात खोटं काहीच नव्हतं. तुमच्या धंद्यात एकीच्या हजारात पन्नास विड्या कमी पडल्या तर शेजारीण आपल्या सुपातल्या टाकते. कार्ड एकीच्या नावाचं आणि हात चौघींचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. कमी पडलेलं भरून द्यायचं, ही तुमची माणुसकी. तुम्ही माझं हजार भरून दिलंत. मला मात्र दोन दोरे माहीत होते. तुमच्या रक्तात लाल नसला तरी तुमच्या वारलेल्या नवऱ्याच्या रक्तात असू शकतो आणि तो सुधाकरात उतरलेला असू शकतो, हे मी आठवडाभर तिथेच बसून शिकवलं होतं. पाळी बदलली की येऊन त्याचं खरं रक्त नेऊ, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. नकार नसलेली वस्ती म्हणून माझं नाव झालं. मग मला पुढच्या वस्तीत पाठवलं आणि मी गेले. त्यात दुष्टावा नव्हता. निव्वळ आळस होता, आणि आळसाने माणसं मरतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी रक्ततपासणीची कार्डं आली. सुधाकर साफ होता. छप्पननंतर तुम्ही लोकांनी पत्रिका, गुण, नाडी सगळं फेकून दिलं होतं आणि तुम्हाला त्याचा केवढा तोरा होता. पण त्या साली वस्तीत सोयरीक निघाली की पहिला प्रश्न व्हायला लागला, कार्ड आणलं का. सुधाकरला रंजनाचं स्थळ आलं ते कामठीचं, मागावर काम करणाऱ्या घरातलं. सावळी, कमी बोलणारी पोरगी. तिकडेही आमची पाहणी झाली होती आणि तिच्या कार्डावर एक लाल दोरा होता. तिच्या आईने तो लपवला नाही. दोन्ही कार्डं पदरात बांधून ती बिचारी शोधत शोधत नागपुरात सदरला माझ्या ऑफिसात आली. पोरीत दोष आहे, मुलगा साफ आहे, तर करू का, एवढंच तिला विचारायचं होतं. सुधाकरचं कार्ड मी हातात घेऊन पाहिलं. त्या क्षणी सांगता आलं असतं की त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. करा, म्हणाले. लेकरांना धोका नाही, म्हणाले. ती पाया पडायला वाकली आणि मी तिला पडू दिलं.

प्रज्ञा आठ महिन्यांची झाली तेव्हा तिचे तळहात आणि पावलं सुजली. दवाखान्यात तिच्या रक्तात दोन्ही लाल निघाले. वॉर्डातल्या एका नवख्या डॉक्टरने आईबापांची कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि रंजनासमोरच म्हणाला की आईचं बरोबर बसतं, बापाचं बसत नाही. त्याला कोणाचं वाईट करायचं नव्हतं, त्याला ते कोडं सुटत नव्हतं इतकंच. पण तुमच्या गल्लीतल्या दोघी डबा घेऊन तिथे आल्या होत्या आणि दोघींना दोरे पाठ होते. एक लाल रंजनाचा. दुसरा सुधाकरचा नाही, मग कोणाचा? संध्याकाळपर्यंत नळावर याची उत्तरं निघायला लागली. समोरचा भाडेकरू निघाला, कामठीचा मामेभाऊ निघाला. माझ्याइतकं चांगलं त्या वस्तीला आजवर कोणी शिकवलं नसेल.

मला वॉर्डात बोलावून घेतलं. साहेबांनी विचारलं, हे रक्त याचंच आहे ना. कार्ड आमच्याच खात्याचं, त्यावर संशय घ्यायला कोणी तयार नव्हतं. माझ्या एका शब्दाचं काम होतं. तुम्ही खाटेच्या पायाशी उभ्या होतात. सुधाकर भिंतीकडे तोंड करून उभा होता. आपलं बोट कधीच कोणी टोचलं नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तुझं काम झालं, असं तुम्ही त्याला सांगितलं होतं आणि त्यानेही पुढे विचारलं नव्हतं. बायकोपेक्षा छापील कागदावर विश्वास ठेवणं पुरुषाला सोपं जातं. रंजना लेकराला छातीशी धरून माझ्याकडे पाहत होती. मी हो म्हणाले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. महिन्याभरात तुम्ही रंजनाला तिची पेटी आणि लेकरू देऊन कामठीला पाठवून दिलं.

त्यानंतर मी तुमच्या अंगणात आले, ते भांडायला. आजवर ते भांडण मिटलेलं नाही. मी म्हटलं, तुम्ही तिची अब्रू घालवलीत. तुम्ही कात्रीने पान कापत होतात.

"मले नोतं समजत," तुम्ही म्हणालात. "तुले समजत होतं. मंग तू काहून लिहिलं वं?"

 मी तुमच्यावर आवाज चढवला. निदान आता तरी समजतं ना, म्हटलं, तर आता सांगा. तुम्ही म्हणालात, धाकटा लग्नाचा आहे. थोरल्याचं कार्ड खोटं निघालं की साऱ्या गल्लीची कार्डं खोटी ठरतील आणि भर विहारात दिलेला शब्द मातीत जाईल. माझी नोकरी जाईल ते वेगळंच, हेही तुम्ही हळूच जोडून दिलंत. माणसाच्या कुठल्या जागेवर बोट ठेवायचं हे तुम्हाला बरोबर कळायचं.  मग आपण दोघींनी चहा घेतला. सांगताना माझी मलाच शिसारी येते, पण घेतला.

पुढे चार वर्षं आपण एकमेकींना जपलं. तुम्ही जवसाची चटणी करून पाठवायच्या, मी तुमच्या खोकल्याची औषधं आणून द्यायची. तुम्ही मला साडीला पिको कुठे चांगला होतो ते सांगायच्या. लोक म्हणायचे, मायलेकीच जशा. चोरालाही चोराचा आधार लागतो. मला तुमचा लळा लागला होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

प्रज्ञा तिसरं संपायच्या आत कामठीत गेली. सुधाकर गेला नाही. तुम्ही गेलात, पण घरापर्यंत गेला नाहीत; रस्त्याच्या पलीकडे पानठेल्याच्या आडोशाला उभ्या राहिलात. मला माहीत आहे, कारण मीही तिथेच होते, त्याच रस्त्यावर, पन्नास पावलं अलीकडे. तुमच्या लुगड्याचा काठ मी ओळखला. तुम्हीही मला पाहिलंत. आत रंजनाचा आवाज येत होता. आपण दोघी वेगवेगळ्या बसने नागपूरला परत आलो. त्यानंतर आपण या गोष्टीचा विषय काढला नाही.

काढला तो थेट गेल्या महिन्यात, तुम्ही छातीच्या वॉर्डात पडून होतात तेव्हा. जन्मभर तंबाखूची धूळ आत गेलेली, दोन शब्दांना एक श्वास पुरत नव्हता. मी विचारलं, आता सांगू का. 

"माह्या मातीनंतर सांगजो," तुम्ही म्हणालात. "जिवंत आहो तोवर मले त्याच गल्लीत राहाचं आहे."

मी बरं म्हणाले. खरं तर मला हायसं वाटलं, कारण त्यात माझीही मुदत वाढत होती. तुम्ही माझा हात हातात घेतलात, तेव्हा मला रडू आलं, आणि ते रडू तुमच्यासाठीच होतं. पण हेही सांगते. तुम्ही घाबरट होतात. साऱ्या वस्तीपुढे साहेबांना बोट द्यायला लावणारी बाई आपल्या सुनेपुढे एक वाक्य बोलू शकली नाही. मी तुमच्याहून जास्त शिकलेली, तेवढीच जास्त घाबरट.

काल मी कामठीला गेले. तुमची माती होऊन गेली होती, आता सबब उरली नव्हती. रंजना भावाच्या घरी ओसरीत बसून चाकावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मला पाहून तिने चाक थांबवलं नाही. मी समोर बसले आणि सगळं क्रमाने सांगितलं. चिठ्ठी, तुमचं बोट, माझा नंबर, तिची आई ऑफिसात आली तो दिवस, वॉर्डातलं माझं हो. कुठेतरी मधेच चाक थांबलं. मी शिव्या ऐकायच्या तयारीने गेले होते. मारलं असतं तरी चाललं असतं, उलट बरंच झालं असतं.

"मंग माह्या पोरीचा बाप तोच होता, हे तुमाले पयल्या दिवसापासून माहीत होतं?" तिने विचारलं.

हो, म्हटलं.

तिने मान हलवली. मग विचारलं की हे तिथे, वस्तीत, सगळ्यांसमोर सांगणार का. रविवारी विहारात सांगेन, म्हटलं. तुमच्याही नावानिशी आणि माझ्याही. मी येतो मंग, पुढं बसतो, एवढंच ती म्हणाली. पाणी हवं का, तेही विचारलं. मला वाटलं, झालं. निघाले. ती रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आली. बस येताना दिसली तेव्हा ती बोलली, माझ्याकडे न पाहता, अगदी साध्या आवाजात.

"बाई, मी कोणाजवळ गेली नाही हे मले माहीत होतं. पण मशीनचं कार्ड, ते कसं खोटं बोलन? मंग मले वाटे का माहीच काही चूक असन. झोपेत काही झालं का, तापात पडली होती तवा काही झालं का, मी चार वर्सं रोज आठवून पाहून राहिली. पोरगी मेली त्या दिवशी बी मी हेच आठवत होती."

बस आली आणि मी चढले. हे तुम्ही ऐकायला हवं होतं, पार्बताबाई. मी एकटीनेच ऐकलं.